दोन बाजार गयात, झोप नही

नैराश्य मोजायला जगभरचे डॉक्टर पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरतात. प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा जास्त झाले की डॉक्टर सावध होतात. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, असं त्यात विचारतात. अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळपास रोज?

शिंदखेड्याकडच्या एखाद्या आजीला हे विचारून बघा. तिचा आठवडा बाजाराच्या दिवसावर मोजला जातो. ‘दोन बाजार गयात, झोप नही,’ असं ती सांगेल. हे कोणत्या रकान्यात टाकायचं? घोळ आजीचा नाही, रकान्याचा आहे.

रकाना दुरुस्त करणं हे संशोधनच. प्रश्न अहिराणीत आणायचे, ते मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलटे भाषांतरित करून घ्यायचे, अर्थ कुठे घसरला ते बघायचं. मग थोड्या लोकांना विचारून त्यांना काय कळलं ते ऐकायचं आणि शेवटी गुण डॉक्टरच्या निदानाशी जुळतात का ते तपासायचं. नुकताच मनोविकारशास्त्रात एमडी झालेला, घरी अहिराणी बोलणारा डॉक्टर या कामाला सगळ्यात लायक. तरी ते त्याच्या हातून होत नाही.

एमडीच्या तीन वर्षांत प्रबंध सक्तीचा असतो. पण विषय ठरतो सुरुवातीलाच, पेशंट पुरते पाहायच्या आधी. त्यामुळे बहुतेक वेळा ‘सॅम्पल लवकर मिळेल’ हाच निकष. प्रबंध बाइंड होऊन कपाटात जातो, पोरगा बॉण्डवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेवर, जातो, आणि पुढे ओपीडीची रांग. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात लाखामागे ०.०५ मनोविकारतज्ज्ञ होते, केरळात १.२. सर्वेक्षण झालेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हताच. म्हणजे खानदेशात किती लोकांना त्रास आहे, तो आकडाही त्यात शोधू नका.

तो आपणच काढायचा म्हटलं तर? दहा टक्के लोकांना त्रास असेल असा अंदाज धरला आणि तीन टक्क्यांपर्यंतची चूक चालवून घेतली, तरी चिठ्ठ्या टाकून निवडलेली सुमारे ३८५ माणसं लागतात. गावंच्या गावं निवडली तर आणखी जास्त, कारण एका गावातली माणसं एकमेकांसारखी असतात. हे एकट्याचं काम नव्हे. हिशेब बघणारा संख्याशास्त्रज्ञ हवा, दार ठोठावणारी आशाताई हवी. खासगी दवाखाना टाकला की आणखी एक अडचण: नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात माणसांना इजा होत नाही ना हे बघणाऱ्या मंडळाची, परवानगी. तिच्यात किमान सात सदस्य लागतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचा. शहाद्यात एकट्याने बसणाऱ्याने ती कुठून आणायची? धुळे, जळगाव, नंदुरबारच्या सरकारी मेडिकल कॉलेजांशी जोडून घेणं हाच सरळ रस्ता.

शेजारच्या विदर्भात असं घडलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा मानसिक आरोग्याचा उपक्रम झाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारासाठी कुणाकडे तरी गेलेल्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं, आणि ते २०१७ मध्ये प्रसिद्धही झालं. तिथले डॉक्टर जास्त हुशार होते असं मला वाटत नाही. पाठीशी संस्था होती, पैसा होता आणि गावातले प्रशिक्षित कार्यकर्ते होते. आपल्याकडे तरुण डॉक्टरला आठवड्यातली एक दुपार मोकळी मिळाली तरी खूप. (ती मागितली की वरिष्ठ कसे बघतात, ते ज्याने मागितली त्यालाच विचारा.)

अनुभव नसला तरी या पोरांकडे एक गोष्ट असते, जी बाहेरच्या संशोधकाकडे नसते: इथल्या माणसांची माहिती. नंदुरबारची कित्येक कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. तीन महिन्यांनी फेरतपासणी ठेवली तर बरीच यादी गळते. उरतात ते जवळ राहणारे किंवा अजून बरे न झालेले, आणि निष्कर्ष वाकडा येतो. सातपुड्यातला माणूस होळीला मात्र घरी येतोच. पेशंटच्या कागदावर तारखेच्या जागी ‘होळीचा आठवडा’ लिहायचं, हे इथल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही.