जाड पिकने तार तुटते?

‘अकूस्टिक गिटारला पातळच पिक (तारा छेडायची छोटी चकती) घ्या, जाड पिकने तारा तुटतात,’ हा सल्ला दुकानापासून क्लासपर्यंत सगळीकडे ऐकू येतो. तो चुकीचा आहे. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीतात अकूस्टिकच वाजते आणि तिथे १ ते १.५ मिमीची पिक सर्रास चालते. जिप्सी जॅझवाले तर २ मिमीच्याही पुढे जातात.

तार तुटली की आधी तुटलेलं टोक बघा. सॅडलपाशी (गिटारच्या अंगावर तारा जिथे टेकतात त्या पट्टीपाशी) तुटली असेल तर तिथे बहुधा धारदार कड असते; ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने ती हलकेच गोल करा. खुंटीजवळ तुटली तर तिथली कड किंवा तारेला बसलेला पीळ तपासा. तार गंजली असेल, तर पिकला बोल लावण्यात अर्थच नाही.

०.४६ मिमीचं पिक तारेवर आधी वाकतं, मग सुटतं. त्यामुळे ‘टक्‌ टक्‌’ असा प्लास्टिकचा आवाज येतो, खर्जाच्या जाड तारा दबक्या वाजतात आणि भरपाई म्हणून हात आणखी जोरात मारतो. नुसत्या स्ट्रमिंगला (सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवायला) ते गोड लागतं, हे मात्र खरं.

एकच पिक घ्यायचं तर ०.७३ मिमीचं घ्या, एकेक सूर वेचून वाजवायचे असतील तर ०.८८ किंवा १. जाड पिक अडकत असेल, तर बोटांबाहेर टोक २–३ मिमीच ठेवा, पिक तारेला किंचित तिरकं धरा आणि पकड सैल करा. बहुतेकांचं घोडं पकडीतच अडतं.