इंग्रजीत दुकान पळतं, आपल्याकडं चालतं

परवा बेळगावच्या शहापूरात एका कापडदुकानात उभा होतो, पुढची बाई कन्नडमधनं घासाघीस करत होती, शेवटी मालक कंटाळून तिला म्हणाला "नडीतैती बिडरी". मग माझ्याकडं वळला, माझे वीस रुपये कमी पडत होते, तर म्हणाला "चालतंय की". कन्नडमधली नडी म्हणजे चालणं आणि आपलं चालतंय म्हणजे पण चालणंच, पण दुकानात कोणी एक पाऊलसुद्धा हललं नव्हतं.

हे डोक्यात अडकलं कारण शाळेत असताना मी मामाच्या दुकानावर निबंध लिहिताना 'माय अंकल वॉक्स अ शॉप' असं लिहिलेलं. सरांनी लाल गोल करून वर 'रन्स' केलं. माझा मामा एकशे दहा किलोचा, तो दुकान घेऊन पळतोय हे चित्र काय डोळ्यासमोरनं जाईना.

आता कळतंय की त्या 'रन'नं सरांना काय, ऑक्सफर्डवाल्यांनापण दमवलंय. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत आधी 'सेट' हा शब्द अर्थांत सगळ्यात पुढं होता, 1989च्या दुसऱ्या आवृत्तीत त्या क्रियापदाचे साधारण 430 अर्थ. मग 'रन'ची नोंद नव्यानं लिहायचं काम पीटर गिलिव्हर या संपादकाकडं आलं, त्यांचे नऊ महिने त्या एका शब्दात गेले आणि 2011 साली आकडा बाहेर आला 645, तोपण फक्त क्रियापदाचा, क्रिकेटमधली रन यात धरलेलीच नाही! नळ रन होतो, नाक रन होतं, धुतल्यावर कपड्याचा रंग रन होतो, निवडणुकीला माणूस रन करतो, पेपरवाले बातमी रन करतात, अंगात ताप असला तरी तो रनच.

एवढे अर्थ कोणी बसून ठरवले नाहीत, एकाला दुसरा चिकटत गेलाय. पहिला अर्थ पायांनी पळायचा. त्यातले पाय काढून टाका, उरतं न थांबता पुढं जाणं, म्हणजे पाणी आलं, नाक आलं. मग पुढं जाणं पण काढा, उरतं नुसतं न थांबणं, म्हणजे मशीन. आणि मशीन चालू ठेवणारा माणूस आला की कारखाना, कंपनी, मामाचं दुकान सगळं त्याच्या मागनं आलं. शेवटच्या अर्थात पहिल्याचं काहीच शिल्लक नसतं, तरी मधली कडी सापडते. एका शब्दाच्या अशा गोतावळ्याला मिशेल ब्रेआल या फ्रेंच अभ्यासकानं 1897 साली पॉलिसेमी असं नाव दिलं. आपण हाच उद्योग 'चालणे'वर केलाय, घड्याळ चालतं, पिक्चर चालतो, कोर्टात केस चालते, फाटकी नोट चालत नाही आणि दुपारी जेवल्यावर डोकं चालत नाही. 'धावणे' बिचारं त्यामानानं मागंच राहिलं.

मला खरी गंमत वाटते ती नडी आणि चालणे यांची. मराठी आर्य कुळातली, कन्नड द्राविडी, नातं काही नाही, पण शेजार शेकडो वर्षांचा, त्यामुळं कन्नडवाला पण दुकान 'नडसतो'च. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 साली सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलीवर लेख लिहिला, तिथं कन्नड, मराठी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी एक झालेली की नुसते शब्द बदलत गेलं तरी एका भाषेचं वाक्य दुसरीत जातं. आपल्याकडं बाजारात उभं राहिलं तरी ते कळतंय, आपण म्हणतो 'काय कराय लागलाय', ते म्हणतात 'एन माडाक हत्त्यान', आपलं 'लागणे' तिथं त्यांचं 'हत्तु'. आग लागली म्हणजे बेंकी हत्तितु.

पण हत्तु म्हणजे दहा पण! आणि हा प्रकार मात्र वेगळा, कारण इथं मधली कडीच नाही. जुन्या कन्नडमधला सुरुवातीचा 'प' पुढं 'ह' झाला, पालुचं (म्हणजे दुधाचं) हालु झालं तसं दहावालं पत्तु आणि लागण्यावालं पत्तु दोन्ही हत्तु झाले. तमिळमध्ये हे दोन शब्द अजून वेगवेगळे लिहितात. म्हणजे दोन वेगळी माणसं, नाव एक.

मेंदूला हा फरक कळतो. जेनी रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 साली इंग्रजी शब्दांवर प्रयोग छापले, स्क्रीनवर अक्षरं येणार आणि हा खरा शब्द आहे का नाही ते पटकन बटण दाबून सांगायचं. एकमेकांशी नातं असलेले भरपूर अर्थ ज्या शब्दाला होते तो लोकांनी लवकर ओळखला, आणि ज्याचे अर्थ बिननात्याचे होते तिथं वेळ जास्त लागला. म्हणजे गोतावळा मोठा असला की उलट मदतच होते, घोळ होतो तो नामसाधर्म्याचा. अर्थात ही सगळी मिलिसेकंदांतली गोष्ट, बोलताना आजूबाजूचे शब्द सांभाळून घेतात.

म्हणून तर रात्री लाईट गेलेल्या दिवशी शेजारची आज्जी 'हत्त गंटेक निद्दि हत्तितु' म्हणाली, दहा वाजता झोप लागली, तेव्हा एका वाक्यात दोन हत्तु येऊनसुद्धा माझ्यासारख्या मोडकं कन्नड बोलणाऱ्यालापण विचार करायला लागला नाही.