‘तुझ्या मानानं छान’: शालजोडीतल्या कौतुकाचं विज्ञान

“वाचला गं तुझा लेख. तुझ्या मानानं छानच झालाय!”

एका जवळच्या मैत्रिणीनं फोनवर हे म्हटलं, तेव्हा मी मनापासून “थँक्यू” म्हणाले. फोन ठेवला, भांडी घासायला घेतली आणि तिसऱ्या ताटाशी हात थबकला. माझ्या मानानं म्हणजे? माझं ‘मान’ किती आणि ते कुणी ठरवलं? रात्री अंथरुणावर पडल्यावर मला एकाहून एक झणझणीत तीन उत्तरं सुचली. ऐकायला समोर कुणी नव्हतं.

या प्रकाराला मराठीत नेमका शब्द आहे: शालजोडीतला. उंची शालीत गुंडाळून मारलेला जोडा. लागतो चांगलाच, पण आवाज होत नाही. शाळेत शिकलेला व्याजस्तुती अलंकार याचा चुलतभाऊ, पण दोघांत एक फरक आहे. झुरळ पाहून खुर्चीवर चढलेल्याला आपण “वा रे शूर!” म्हणतो, तेव्हा ती स्तुती खोटी आहे हे बोलणाऱ्याला, ऐकणाऱ्याला आणि बहुधा झुरळालाही कळतं. माझ्या मैत्रिणीला मात्र लेख खरंच आवडला होता. कौतुक खरं होतं आणि बोचणंही खरं होतं. दोन्ही एकाच वाक्यात आलं, म्हणून तर हात ताटावर थांबला.

‘थँक्यू’ आधी का निघालं, हे समजायला सोपं आहे. जपानमध्ये केइसे इझुमा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना स्कॅनरमध्ये झोपवून कधी पैसे जिंकू दिले, तर कधी ‘इतरांचं तुमच्याविषयी चांगलं मत आहे’ असं दाखवलं. मेंदूतला स्ट्रायटम हा भाग दोन्ही वेळा सक्रिय झाला. स्तुती ही मेंदूच्या हिशेबात रोख कमाईच आहे. नोट खोटी आहे की काय, हा विचार खिशात टाकल्यावर येतो.

खोट नेमकी कुठे असते, याचा शोध ओव्हुल सेझर, ॲलिसन वुड ब्रुक्स आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांनी प्रयोगांच्या एका मालिकेतून घेतला. त्यांच्या मते शालजोडीतल्या कौतुकाची ओळख म्हणजे त्यात दडलेली तुलना. स्तुतीच्या आत एक मोजपट्टी असते आणि ती मुद्दाम आखूड घेतलेली असते. कधी ती पट्टी तुमचा भूतकाळ असते (“मागच्यापेक्षा बरं बोललीस”), कधी बोलणाऱ्याची अपेक्षा (“तुला जमेल असं वाटलं नव्हतं”), कधी दुसरं कुणीतरी, तर कधी एखाद्या गटाविषयीचा ठोकताळा (“बाई असून गाडी मस्त चालवतेस”). कौतुक जितकं मोठं, तितकी ती पट्टी किती आखूड होती हे जास्त कळतं.

माणसं असं बोलतात तरी का? या संशोधकांना दिसलं ते असं, की बोलणाऱ्याला एकाच दगडात दोन पक्षी मारायचे असतात: समोरच्याला आपण आवडावं आणि आपण त्याच्यापेक्षा एक पायरी वर आहोत हेही ठसावं. स्वतःच्या स्थानाची काळजी लागलेली असली की हे जास्त होतं. बोलणाऱ्याला खात्री असते की दोन्ही साधलं. ऐकणारे, आणि बाजूला उभं राहून ऐकणारे तिऱ्हाईतसुद्धा, दोन्हींतलं काहीच देत नाहीत. माणूस आवडत नाही आणि वरचढही वाटत नाही. नुकसान मात्र होतं: असं कौतुक ऐकलेल्यांची पुढचं काम करण्याची उमेद कमी झालेली आढळली.

आता भाषेकडे वळते, कारण मला या सगळ्यात तीच जास्त रंजक वाटते. “तू सिगारेट सोडलीस का?” या प्रश्नाला हो म्हणा की नाही म्हणा, पूर्वी ओढत होतात हे दोन्हीकडून कबूल होतं. भाषाशास्त्रात याला गृहीतक म्हणतात. जे ठासून सांगितलं ते नाकारता येतं. जे गृहीत धरलं ते नाकारायला अख्खं संभाषण थांबवावं लागतं. आपल्या भाषेत तर गृहीतक भरायला एक अव्ययही पुरतं. “तूसुद्धा निवडली गेलीस!” यातलं ‘सुद्धा’ काढून पाहा. “या वेळी तरी नीट झालं” मधलं ‘तरी’. “तुला चक्क जमलं की!” मधलं ‘चक्क’. आणि “आज छान दिसतेयस” या वाक्यात तर वेगळा शब्दही लागत नाही, ‘आज’वर किंचित जोर दिला की गेलं वर्षभर आपण कसे दिसत होतो ते कळतं. व्याकरणात या शब्दांचा उल्लेख दोन ओळींत उरकतात, मैत्रीत मात्र ते दोन दोन वर्षं पुरतात.

यावर आपण “थँक्यू” म्हणतो तेव्हा स्तुतीबरोबर गृहीतकावरही सही होते. बरं, सही करू नये म्हटलं तर? अनिता पोमेरांट्झ यांनी १९७८ मध्येच दाखवून दिलं होतं की साध्या, निर्मळ कौतुकालाही उत्तर देणं अवघड असतं. समोरच्याशी सहमत व्हावं हा एक संकेत आणि स्वतःची स्तुती करू नये हा दुसरा, आणि कौतुकाच्या क्षणी दोन्ही एकमेकांना आडवे येतात. म्हणून तर आपण “छे गं, कसलं काय” असं पुटपुटतो. शालजोडीतल्या कौतुकात या पेचावर तिसरा पेच चढतो. नाकारावं तर आपण तिडकेनं बोललो असं दिसतं, स्वीकारावं तर जोडा पावला. झणझणीत उत्तर रात्री सुचणं हा मंदपणा नव्हे, हे मी तेव्हापासून स्वतःला सांगते.

बोलायचं एक आणि पोचवायचं दुसरं, ही युक्ती काही आजची नाही. महाराष्ट्री प्राकृतातल्या एका जुन्या गाथेत एक बाई एका भाविक माणसाला सांगते: बाबा रे, आता निर्धास्त हिंड, तो कुत्रा आज मारला गेला, गोदेकाठच्या झाडीत राहतो ना, त्या दांडग्या सिंहानं मारला. कुत्र्याला घाबरणारा माणूस सिंहाच्या वाटेला जाईल का? नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं ध्वनीचा, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाचा, सिद्धांत मांडताना हीच गाथा दाखल्याला घेतली. वाच्यार्थ म्हणतो ‘ये’, व्यंग्यार्थ म्हणतो ‘येऊ नकोस’. आणि कुणी जाब विचारलाच तर बाई सहज म्हणू शकते, “मी तर हिंड म्हणाले होते!”

ही शेवटची सोय फार मोलाची असते. स्टीव्हन पिंकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये आडवळणाच्या बोलण्याचं जे विश्लेषण केलं, त्याच्या गाभ्याशी हीच गोष्ट आहे: कानावर हात ठेवता येण्याची मुभा. “अगं, मी तर कौतुक केलं!” हे वाक्य शालजोडीतल्या प्रत्येक कौतुकाबरोबर फुकट मिळतं.

पण मैत्रिणीनंच का बोलावं असं? परकी बाई बोलली असती तर मी दुसऱ्या ताटापर्यंत विसरले असते. इथे ॲब्राहम टेसर यांचं काम आठवतं. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात मित्रांच्या जोड्या बोलावून शब्द ओळखण्याचा खेळ खेळायला दिला. सहभागी माणसानं यादीतून सोपे किंवा अवघड संकेत निवडून इतरांना द्यायचे, आणि त्या इतरांत त्याचा मित्रही होता, अनोळखी माणसंही होती. हा नुसता खेळ आहे असं सांगितलं, तेव्हा मित्राला सोपे संकेत मिळाले. यातून महत्त्वाच्या क्षमता मोजल्या जातात असं सांगितलं, तेव्हा चित्र फिरलं आणि मित्राला अनोळखी माणसापेक्षा अवघड संकेत जाऊ लागले. टेसर यांचं म्हणणं असं: आपल्याला ज्याची फारशी पडलेली नाही अशा क्षेत्रात मित्र चमकला तर त्याचा उजेड आपल्यावरही पडतो. आपण ज्याच्यावर स्वतःची किंमत ठरवतो, त्याच क्षेत्रात तो चमकला तर आपण त्याच्या सावलीत जातो. परका कितीही पुढे गेला तरी एवढं बोचत नाही, कारण तो शेजारी उभा नसतो.

म्हणून तर मैत्रीण माझ्या स्वयंपाकाचं कौतुक करताना कधी ‘तुझ्या मानानं’ म्हणाली नाही. टोचणी आली ती लेखाला. कुणाचं शालजोडीतलं नेमकं कोणत्या विषयावर येतं हे काही दिवस पाहिलं तर त्या माणसाला स्वतःबद्दल काय खुपतंय त्याचा बराच अंदाज येतो. (हे करताना स्वतःचेही शब्द आठवावेत. मी आठवले, आणि दोन प्रसंगांपाशी थांबले.)

या सगळ्याचा शरीरावरही परिणाम होतो. जुलियान होल्ट-लुन्स्टॅड, बर्ट उचिनो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०२ निरोगी स्त्रीपुरुषांनी तीन दिवस रक्तदाब मोजणारं यंत्र अंगावर बाळगलं आणि कोणाशी बोललो याच्या नोंदी ठेवल्या. भांडखोर माणसांशी बोलताना रक्तदाब सर्वांत चढत असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात वरचा आकडा सर्वांत जास्त होता तो ‘कधी गोड, कधी कडू’ अशा दुटप्पी नात्यातल्या माणसांशी बोलताना. एकच अभ्यास आहे, त्यावरून कुणी मैत्री तोडू नये. तरी तर्क पटण्यासारखा आहे: शत्रूसमोर आपण कवच घालून जातो आणि जिवलगासमोर काढून ठेवतो. या तिसऱ्या माणसासमोर ते सारखं चढवत-उतरवत बसावं लागतं.

आता दुसरी बाजू. प्रत्येक वेळी जोडा मुद्दाम मारलेला असतोच असं नाही. जस्टिन क्रूगर यांनी सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये एक साधा प्रयोग केला होता. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं, दुसऱ्याला ईमेलनं किंवा बोलून पाठवायची. पाठवणाऱ्यांना वाटलं, ७८ टक्के वेळा आपला सूर बरोबर ओळखला जाईल. बोलण्यात अंदाज फारसा चुकला नाही. ईमेलमध्ये सूर ओळखला गेला फक्त ५६ टक्के वेळा, म्हणजे नाणं उडवून ठरवण्यापेक्षा जरासाच बरा. आपला हेतू आपल्याला आतून इतका लख्ख ऐकू येतो, की तो बाहेर पोचलाच नाही हे ध्यानात येत नाही. थट्टेवरच्या त्यांच्या नंतरच्या कामातही हेच: चिडवणाऱ्याला वाटतं आपली माया कळली असेल, ज्याला चिडवलं त्याला ती दिसलेलीच नसते. तेव्हा फक्त मेसेजमधल्या वाक्यावरून मी तरी आता कुणाचा निकाल लावत नाही.

मग करायचं काय? जशास तसं उत्तर देण्याचा मोह मला कळतो, पण तुलना हीच जर विषाची पुडी असेल तर आपण आणखी एक पुडी सोडून काय मिळवणार? हसून सोडून देणं एखाद्या वेळी ठीक. दर महिन्याला हसून सोडायचं म्हणजे उसनं हसू साठत जातं. मला पटलेला मार्ग भाषेच्या त्या युक्तीतूनच निघतो. गृहीतक जिवंत राहतं ते कुणी त्याच्याकडे बोट दाखवत नाही म्हणून. तेव्हा तुलनेकडेच बोट दाखवायचं, आणि तेही कुतूहलानं. “कशापेक्षा?” “तुला काय वाटलं होतं?” “आधीचे कसे वाटले होते?” एवढंच विचारून गप्प बसायचं. मनात काही नसेल तर समोरची व्यक्ती गडबडून सरळ कौतुकावर येते. मनात असेल, तर ते निदान शालीबाहेर येतं.

चारचौघांत हे करू नये. तिथे प्रश्नाचा आरोप होतो आणि “मी तर गंमत केली” ही पळवाट आपणच उघडून देतो. वारंवार होत असेल तर निवांत भेटून, एक नेमका प्रसंग घेऊन, “तू नेहमीच अशी बोलतेस” हे टाळून सांगावं: त्या दिवशी तू असं म्हणालीस, मला ते असं लागलं. आणि एवढं सांगूनही जोडे येतच राहिले, तर त्या मैत्रिणीला आपल्या आवडीची पण आपल्याला फारशी महत्त्वाची नसलेली क्षेत्रं दाखवावीत. लेख दाखवू नयेत. सिनेमाला जावं. सगळ्या मैत्रिणी सगळ्या कामांसाठी नसतात.

मी विचारलं तिला. चार दिवसांनी, चालायला गेलो असताना. “माझ्या मानानं म्हणजे कशाच्या मानानं गं?” ती आधी “काय तू पण!” म्हणाली. मग पन्नासेक पावलं काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “माझी वही तीन वर्षं तशीच पडलीये. तू लिहून मोकळी होतेस.” लेखाबद्दल त्यानंतर आम्ही अर्धा तास बोललो, त्यातला बराचसा वेळ तिच्या वहीबद्दल.

पुढचा लेख तिला पाठवला तेव्हा उत्तर आलं, “वाचला. आवडला.” त्याखाली ती अजून काहीतरी टाइप करत असल्याचं दिसत होतं. मी ‘पण’ची वाट पाहत फोन हातात धरून बसले. टाइप करणं थांबलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा थांबलं. मग काहीच आलं नाही.