सामाजिक भयविकार आणि मद्यपान

चारचौघांत बोलताना, पंगतीत जेवताना किंवा अनोळखी माणसासमोर जाताना आपले हसे होईल, या भीतीने छातीत धडधडणे, हात थरथरणे, घशाला कोरड पडणे आणि पुढे असे प्रसंगच टाळत राहणे, हे सामाजिक भयविकाराचे स्वरूप होय. अमेरिकी मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला १९८० मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. हा विकार बहुधा किशोरवयात सुरू होतो. त्याच्या जोडीला दारूचे व्यसन आढळले, तर बहुतेकदा भय आधीचे आणि व्यसन नंतरचे असते. ग्रामीण विदर्भात मात्र अशा मुलाला बुजरा म्हणून सोडून दिले जाते आणि त्याच्या पिण्याकडेच घरच्यांचे लक्ष जाते.

मद्यामुळे मेंदूतील गाबा या शामक रसायनाचा परिणाम वाढतो व ग्लुटामेट या उत्तेजक रसायनाचा घटतो, म्हणून दोन घोटांनंतर जीभ मोकळी होते. नशा उतरताना हा तोल उलटतो. सकाळी धडधड व बेचैनी जाणवते, त्यात रात्री आपण काय बरळलो याची रुखरुख मिसळते, आणि उतारा म्हणून पुन्हा घेतलेली दारू व्यसन पक्के करते. याहून खोल नुकसान शिकण्याचे होते: वरातीत नाचलो किंवा सोयरिकीच्या बैठकीत बोललो याचे श्रेय पिणारा दारूला देतो, त्यामुळे तिच्याविना ते जमते हा अनुभव त्याला कधी येतच नाही. मोहाच्या हातभट्टीच्या दारूची तीव्रता दर वेळी वेगळी असल्याने प्रमाणाचा अंदाजही चुकतो.

वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. बंदीने दारू दुर्मीळ होऊ शकते, भय कमी होत नाही. उलट चोरून पिणारा डॉक्टरांनाही खरे सांगायला कचरतो, असे म्हणण्यास जागा आहे.

विचार-वर्तन उपचारपद्धती आणि सर्ट्रालिनसारखी औषधे या विकारावर उपयुक्त ठरतात. भय व व्यसन या दोहोंवर एकत्रित उपचार करणे इष्ट असते. झोपेच्या किंवा चिंताशामक गोळ्या दारूसोबत घेतल्यास श्वास मंदावू शकतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास झटके येण्याचा व वातभ्रमाचा (भान हरपून भास होण्याचा) धोका असल्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते. गावात मनोविकारतज्ज्ञ नसल्यास टेली-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळते.