साडेपाच तासांचा फरक म्हणजे सेल गेला, असं नाही

एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टीम असल्या की विंडोजचं घड्याळ बरेचदा साडेपाच तास मागे पडतं. सोलापुरात मी त्यावर एकच निदान ऐकत आलोय: मदरबोर्डचा सेल गेला. पूर्व भागातल्या एका चादर कारखान्याच्या ऑफिसात याच कारणाने तीनदा सेल बदलला होता. बिलांवरची वेळ चुकतच राहिली.

सेल चांगलाच होता. मदरबोर्डवरचं घड्याळ नुसते आकडे ठेवतं. ते कुठल्या देशाचे, हे त्याला ठाऊक नसतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ (यूटीसी) लिहितं, विंडोज तेच आकडे स्थानिक वेळ समजून वाचतं. आपली वेळ ५ तास ३० मिनिटं पुढे, म्हणून चूक दरवेळी नेमकी तेवढीच. सेल खरंच संपला असता, तर प्लग काढून ठेवल्यावर तारीखच कित्येक वर्षं मागे गेली असती. रात्रभर वायर काढून सकाळी थेट बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) बघा, खात्री पटेल. लिनक्सला घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

मला खरी भीती ‘फॉरमॅट मारून बघू’, म्हणजे डिस्क पुसून सगळं नव्याने टाकू, या पुढच्या सल्ल्याची वाटते. त्याआधी क्लोनझिला या डिस्क-बॅकअपच्या प्रोग्रामने पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या. नुसती सी ड्राइव्ह कॉपी केली, तर लिनक्सचं पार्टिशन आणि दोन्ही सिस्टीम सुरू करणारं छोटं ईएफआय पार्टिशन मागेच राहतं.