लावा पक्ष्याच्या अंड्यांची घरगुती फलनपरीक्षा

उबवणीस ठेवलेल्या जपानी लाव्याच्या (नागपुरात बटेर) अंड्यात गर्भ धरला आहे की नाही, हे अंधारात प्रकाशझोतावर अंडे धरून पाहण्याची रीत. पोल्ट्रीवाले तिला कँडलिंग म्हणतात. हा पक्षी भारतात १९७४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरला आणला गेला. त्याची पाळीव मादी सहसा अंड्यांवर बसत नाही, त्यामुळे घरी पिल्ले काढायची तर उबवणी यंत्र लागतेच. शेतशिवारातल्या रानटी लाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांची अंडी उचलून आणू नयेत.

कोंबडीच्या पांढऱ्या अंड्यात चौथ्या दिवशीच नसा दिसतात. लाव्याचे अंडे जेमतेम १० ते १२ ग्रॅमचे आणि कवचावर काळे-तपकिरी डाग, त्यामुळे तेवढ्यात काही ठरवता येत नाही. १७-१८ दिवसांच्या उबवणीत सातवा दिवस पाहणीला बरा. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडावे, त्याखाली प्रखर एलईडी टॉर्च धरावा आणि अंड्याचा रुंद टोकाकडचा भाग त्यावर टेकवून हलकेच फिरवावा. फलित अंड्यात लाल नसांचे जाळे आणि हलणारा गडद ठिपका दिसतो. नसा विरून नुसते रक्ताचे कडे उरले असेल, तर गर्भ मेला. सगळे अंडे एकसारखे पिवळसर उजळले, तर ते ‘कोरे’. डागांमुळे शंका राहिली तर अंडे परत ठेवून दहाव्या दिवशी पुन्हा पाहावे. शंकेपोटी अंडे फेकणे ही या कामातली सर्वांत महाग चूक आहे. चौदाव्या दिवसानंतर मात्र अंडी फिरवणे आणि हाताळणे बंद.

कोरे अंडे म्हणजे वांझ अंडे, असे नागपूरच्या उन्हाळ्यात तरी धरून चालू नये. यंत्रात जाण्याआधी अंडी १५ ते १८ अंश सेल्सिअसला, फार तर आठवडाभर ठेवायची असतात. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या घरात जातो. कूलर लावलेल्या खोलीतही टोपलीतल्या अंड्यात गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि दुबळा होऊन पहिल्या एक-दोन दिवसांतच मरतो. टॉर्चवर असे अंडे कोरेच दिसते आणि दोष विनाकारण नरावर येतो.

म्हणून एखादे कोरे अंडे बशीत फोडून बलकावरचा पांढरा ठिपका पाहावा. तो बारीक, दाट आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडे अफलित. मग दोन-तीन माद्यांमागे एक नर आहे ना, तो म्हातारा तर झाला नाही ना, हे तपासावे. ठिपका पसरट आणि कड्यासारखा असेल तर फलन झाले होते. अशा वेळी नर न बदलता अंडी दिवसातून दोनदा गोळा करून घरात १५ ते १८ अंशांच्या शक्य तितक्या जवळच्या थंड जागी ठेवावीत.