सर्व्हिस म्हणजे वर भिरकावलेला दगड

मागच्या महिन्यात आमच्या इमारतीतले एक बाबा माझ्याकडे रंगीत छापलेला अहवाल घेऊन आले. मुलीच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन कुणीतरी छातीठोकपणे लिहून दिलं होतं, की हिची ‘क्रीडा बुद्धिमत्ता’ कमी आहे, चित्रकलेकडे वळवा. मुलगी आठ वर्षांची. दोनच दिवसांपूर्वी या गृहस्थांनी टेनिसपटू व्हीनस आणि सेरेना विल्यम्स यांच्या वडिलांवरचा ‘किंग रिचर्ड’ हा चित्रपट पाहिला होता आणि त्यातून काढलेला निष्कर्षही ठशांच्याच जातकुळीचा होता. “त्या विल्यम्स बहिणींच्या रक्तातच होतं हो. बापाने फक्त ओळखलं.”

ठशांचं आधी उरकून टाकू. बोटांवरच्या रेषा गर्भात साधारण सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. चोर पकडायला त्या उपयोगी पडतात. मुलाने टेनिस खेळावं की तबला वाजवावा, हे त्यांना ठाऊक नसतं. डीएमआयटी नावाने चालणाऱ्या या चाचणीला वैज्ञानिक आधार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनेही जाहीरपणे सांगितलेलं आहे. तरी शाळेच्या फाटकाबाहेर तिची पत्रकं वाटली जातात आणि आपण ती घडी घालून खिशात ठेवतो.

आता रक्ताचं. रिचर्ड विल्यम्स यांनी टीव्हीवर रोमेनियाच्या व्हर्जिनिया रुझिचीला 40 हजार डॉलरचा धनादेश मिळताना पाहिला आणि ठरवलं, की आपल्या मुली टेनिस खेळतील. तेव्हा व्हीनस आणि सेरेना जन्मलेल्याही नव्हत्या. म्हणजे ओळखायला समोर कुणी नव्हतंच! व्हीनसचा जन्म 1980चा, सेरेनाचा 1981चा. लॉस एंजलिसजवळच्या कॉम्प्टनमधल्या सार्वजनिक कोर्टांवर, वापरून मऊ पडलेल्या चेंडूंनी सराव सुरू झाला. आई ओरासीन प्राइस स्वतः टेनिस शिकल्या आणि मुलींना शिकवू लागल्या. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदं सेरेनाची 23, व्हीनसची 7, दुहेरीत दोघींची मिळून 14.

उंची, स्नायूंची ठेवण हे आनुवंशिक असतं, ते नाकारायचं कारण नाही. पण मला या कहाणीत भुरळ घातली ती एका किरकोळ वाटणाऱ्या तपशिलाने. रिचर्ड मुलींना अमेरिकन फुटबॉल फेकायला लावत. सोललेल्या नारळासारखा लांबट, 400 ग्रॅमच्या आसपास वजनाचा चेंडू. टेनिसचा चेंडू जेमतेम 58 ग्रॅमचा. मग हा नारळ कशाला?

कारण टेनिसची सर्व्हिस म्हणजे मुळात फेकणंच आहे, फक्त दिशा वरची आणि हातात रॅकेट. आधी हे वर का, ते पाहू. सर्व्हिस करताना खेळाडू उभा राहतो त्या मागच्या रेषेपासून, म्हणजे बेसलाइनपासून, जाळी 39 फूट. जाळीपलीकडे 21 फुटांवर सर्व्हिसची रेषा. चेंडू तिच्या आत पडला पाहिजे. जाळी मधोमध 3 फूट उंच. गुरुत्वाकर्षण घटकाभर विसरा आणि चेंडू सरळ रेषेत जातो असं धरा. नववी-दहावीतले समरूप त्रिकोण आठवा: 21 फुटांवर 3 फूट, तर 60 फुटांवर किती? 60 भागिले 21 गुणिले 3, म्हणजे 8.57 फूट. चेंडूला यापेक्षा कमी उंचीवर रॅकेट लागली, तर सरळ रेषेत तो जाळीत तरी अडकेल किंवा रेषेबाहेर तरी जाईल. हात, रॅकेट आणि छोटीशी उडी धरून खेळाडू आपल्या उंचीच्या साधारण दीडपट उंचीवर चेंडू गाठतो. 6 फूट 1 इंच उंचीच्या व्हीनससाठी हे 9 फुटांच्या वर जातं. 5 फूट 9 इंचांची सेरेना बरोब्बर काठावर आहे! तिथून पुढे गुरुत्वाकर्षण आणि चेंडूची फिरकी मदतीला येतात. पण 2012च्या विम्बल्डनमध्ये याच सेरेनाने 102 बिनतोड सर्व्हिस मारल्या, तेव्हा फक्त उंचीने भागत नाही हे उघड आहे.

वेग येतो कुठून? दंडाच्या स्नायूंतून, असं आपल्याला वाटतं. मोजमापं सांगतात, की सर्व्हिसमधली निम्म्याच्या आसपास ऊर्जा पाय, कंबर आणि धड पुरवतात. हात ती फक्त पुढे पोचवतो.

पोतराजाचा आसूड आठवा. मुठीपाशी जाड, टोकाला बारीक. मुठीपाशी दिलेला हिसका पुढे सरकतो तसं हलणारं वस्तुमान कमी कमी होत जातं. गतिज ऊर्जा म्हणजे अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. ऊर्जा तेवढीच राहून वस्तुमान दहा पटींनी घटलं, तर वेग तिपटीहून जास्त वाढायला हवा. आसुडाचं टोक ध्वनीचा वेग ओलांडतं, म्हणून तो कडाडतो. शरीरात हाच हिसका जमिनीपासून निघतो. पाय जमिनीला रेटतात, जमीन पायांना उलट रेटते, कंबर फिरते, मग धड, मग दंड, मग कोपराखालचा हात, शेवटी मनगट. क्रम हाच हवा. आणि प्रत्येक भागाने आपला वेग गाठला की त्याला ब्रेक लागायला हवा. सांध्यातून मागचा भाग पुढच्याला ओढतो, तेव्हा पुढचाही मागच्याला तितक्याच बलाने मागे धरतो. मागच्याने जे गमावलं, ते पुढच्याच्या खात्यात जमा होतं. धड थांबतं म्हणून हात सुटतो. नवखा खेळाडू सगळे भाग एकदमच पुढे ढकलतो आणि हे जमाखर्चाचं गणित फसतं.

आता माझा सर्वांत आवडता भाग. सर्व्हिसच्या मध्यावर कोपर जवळजवळ काटकोनात वाकलेलं असतं आणि रॅकेट पाठीमागे लोंबत असते. धड पुढे झेपावतं, पण हात आणि रॅकेट यांना जडत्व आहे, ते मागे राहतात. त्यामुळे दंडाचं हाड स्वतःच्याच अक्षाभोवती बाहेरच्या बाजूला पिळलं जातं. खांद्यातले अस्थिबंध आणि स्नायुबंध गलोलीच्या रबरासारखे ताणले जातात. मग रबर सुटतं. दंड उलटा, आतल्या बाजूला गर्रकन फिरतो. बेसबॉलच्या उत्तम फेकणाऱ्यांत या फिरण्याचा वेग सेकंदाला 7000 अंशांपर्यंत मोजला गेला आहे. टेनिसमध्ये तो यापेक्षा कमी, पण हजारांतच. चेंडू लागण्याच्या क्षणी रॅकेटच्या डोक्याला जो वेग असतो, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा या एका पिळाचा.

मघाशी तर निम्मी ऊर्जा पाय, कंबर आणि धडाची म्हणालात? हो. दोन्ही खरं आहे. पहिला हिशोब ऊर्जा कुठे तयार झाली त्याचा, दुसरा ती शेवटी कुठल्या हालचालीच्या रूपाने बाहेर पडली त्याचा. पाणी धरणातलं, पण अंगावर येतं ते नळातून.

इथे घेरी आली असेल तर स्वयंपाकघरातून झारा आणा. हात समोर जवळजवळ सरळ करा आणि झारा हाताच्या रेषेतच धरा. आता दंड स्वतःभोवती आत-बाहेर फिरवा. झारा जागच्या जागी गिरक्या घेईल, टोक फारसं कुठे जाणार नाही. मग हातोडा धरतो तसा झारा हाताशी कोन करून धरा आणि तेवढंच फिरवा. टोक केवढं मोठं वर्तुळ कापतं पाहा. प्रशिक्षक सर्व्हिससाठी हातोड्याची पकड शिकवतात ती यासाठी. नवशिके पोळी उलथताना उलथणं धरतो तशी रॅकेट धरतात. त्यात तळवा पुढेच राहतो, पीळ वाया जातो आणि चेंडू नुसता ढकलला जातो.

नारळासारखा तो फुटबॉल स्वतःभोवती फिरत सरळ जावा असा फेकायचा, तर सोडताना हात आतल्या बाजूला वळावाच लागतो, अंगठा खाली येतो. पायांपासून बोटांपर्यंतचा क्रमही तोच. ढकलून तो जातच नाही. चुकलं की चेंडू हवेत लडबडतो आणि चूक फेकणाऱ्यालाच दिसते. रिचर्ड यांनी हे शरीरशास्त्राच्या पुस्तकातून काढलं असेल असं नाही. नजर होती, एवढं नक्की.

हे रबर आपल्याला मिळालं कुठून? 2013 साली नील रोच, डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत याचा अभ्यास मांडला. फेकणाऱ्यांच्या खांद्याला पट्टे बांधून त्यांनी हा पीळ अडवला, आणि वेग घसरला. चिंपांझी माणसापेक्षा कितीतरी ताकदवान, पण तो चेंडू फेकतो ताशी 30 किलोमीटरच्या आसपास. शाळेच्या संघातला पोरगाही त्याला सहज मागे टाकतो. लवचीक कंबर, खाली आलेला खांदा, दंडाच्या हाडाचा विशिष्ट पीळ हे सगळं एकत्र दिसतं ते साधारण 20 लाख वर्षांपूर्वीच्या होमो इरेक्टस या आदिमानवामध्ये. तेव्हा ‘रक्तात’ म्हणायचंच असेल तर फेकणं आपल्या सगळ्यांच्या रक्तात आहे. ज्वारीच्या राखणीला गोफण फिरवणाऱ्या बाईच्याही.

“मुली अशाच फेकतात” हे वाक्य मला म्हणूनच खटकतं. मुलगे आणि मुली यांच्या फेकण्याच्या वेगात लहानपणापासून फरक दिसतो, हे खरं. पण ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी समाजात, जिथे मुलीही शिकारीसाठी फेकायला शिकत आल्या आहेत, तिथल्या मुलामुलींमध्ये हा फरक अमेरिकेतल्यापेक्षा कमी आढळला. फरक पूर्ण मिटला नाही, पण कमी झाला. आपल्याकडे आंब्याला दगड मारणाऱ्या मुलीला खाली बसवतात आणि मग तिला फेकता येत नाही म्हणतात.

लहानपणाला इथे वेगळं महत्त्व आहे. जन्मतः दंडाच्या हाडाच्या घडणीतच जास्त पीळ असतो आणि वाढीबरोबर तो कमी होत जातो. जी मुलं फेकत राहतात, त्यांच्या त्या हातात तो जास्त टिकतो. बेसबॉल आणि टेनिस खेळाडूंच्या दोन हातांत हा फरक मोजता येतो. वाढ संपल्यावर हा पीळ मागून मिळत नाही. पण हाडाच्या टोकाची वाढीची पट्टी मऊ असते, अति फेकण्याने तीच दुखावते. म्हणजे मुलांच्या बाबतीत थोडं आणि फार यातलं अंतर बारीक आहे. रिचर्ड यांनी मुलींना ज्युनिअर स्पर्धांमधून काढून घेतलं, तेव्हा टेनिसवाल्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. व्हीनसने पहिला व्यावसायिक सामना खेळला तो 1994 मध्ये ओकलंडला, चौदाव्या वर्षी. मुलींना टेनिसपटू घडवायची योजना रिचर्ड यांनी आधीच लिहून काढली होती; मला तर तिच्या त्या गाजलेल्या पानांपेक्षा हे थांबणं जास्त शहाणपणाचं वाटतं.

अशा योजना लिहिणारे बाप किती होते आणि त्यांच्या मुलींचं काय झालं, यावर चित्रपट निघत नाहीत. फोगट बहिणींवर निघाला, विल्यम्स बहिणींवर निघाला. जिंकलेल्यांचीच मोजदाद करून नियम काढायचा नसतो.

त्या बाबांना मी गच्चीवर नेलं आणि एक चेंडू दिला. म्हटलं, डाव्या हाताने फेका. ते उजवे. डाव्या हाताबरोबर डावाच पाय पुढे आला, धड वळलंच नाही, कोपर आधी निघालं आणि चेंडू पाण्याच्या टाकीच्या अलीकडे पडला. हात त्यांचाच, स्नायू त्यांचेच. फक्त त्या बाजूला कधी सराव नव्हता. “मुली अशाच फेकतात” असं ज्याला म्हणतात, ते अगदी असंच दिसतं. ते काही बोलले नाहीत.

मुलीने धावत जाऊन चेंडू उचलला आणि परत फेकला. उजवा हात, डावा पाय पुढे.